तोफ आत फिरवली

“मग काय झालं, ते इचार की!”

गणपत कोळेकराचं हे वाक्य बहारीनमधल्या हिद्दच्या त्या कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. गोष्ट रंगात आली, ऐकणाऱ्यांचे घास हातातच राहिले, की हा गडी नेमका तिथं थांबायचा. पाण्याची बाटली उघडायचा. एक घोट घ्यायचा. झाकण सावकाश लावायचा. आणि समोरच्याकडं बघून म्हणायचा, “मग काय झालं, ते इचार की!” कोणीतरी “मग?” म्हटल्याशिवाय त्याच्या तोंडून पुढचा शब्द निघत नसे. त्याच्या गावात गोष्ट अशीच सांगतात. सांगणाऱ्यानं एकट्यानं ती ओढायची नसते. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, तेव्हा ती पुढं सरकते. जो हुंकार देत नाही त्याला पुढचं ऐकायचा हक्क नाही, असं गणपतचं मत होतं. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं तो माळावर आणि देवळात बसून शिकला. आपल्या सांगण्याचा त्याला मोठा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला शोभत होता.

अकरा वर्षं त्याला हुंकार दिला तो हुसेन गोलंदाजानं.

दोघं निवळवाडीचे. गाव निवळगडाच्या पायथ्याला, इतकं खेटून की दुपार कलली की गडाची सावली आधी देवळावर पडते, मग गोलंदाजाच्या अंगणात, मग कोळेकराच्या. दोघं एका बाकावर शिकले, एका ओढ्यात पोहले. हुसेन आधी बहारीनला आला, क्रेन शिकला, आणि साहेबाच्या मागं लागून त्यानं गणपतला आणवलं. त्या कारखान्यात सिमेंटच्या भिंती ओततात. आडव्या साच्यात भिंत घट्ट होते, मग क्रेननं तिला उभी करायची आणि ट्रेलरवर न्यायची. हुसेन वर केबिनमध्ये. गणपत खाली, हातात वॉकीटॉकी. वरच्याला भिंतीची पलीकडची बाजू दिसत नाही. त्याला दिसतं ते खालच्याच्या आवाजातून.

बाकीचे क्रेनवाले लेफ्ट-राइट म्हणत. ह्या दोघांची भाषा गावची. समुद्राकडं ते ‘बाहेर’ आणि शेडकडं ते ‘आत’.

“उचल. आस्ते, आस्ते. आता आत फिरव. आत, आत… बास.”

भिंत टेकली, बेल्ट सुटले, दुसरा ट्रेलर यायला दहा मिनिटं आहेत, की वॉकीटॉकीवर गोष्ट सुरू. गणपत अर्ध्यात थांबायचा आणि वरून, खरखरीतून, आवाज यायचा, “मग?” सात-सात टनांच्या भिंती त्या दोघांनी अशा गोष्टींच्या मध्ये मध्ये उचलल्या, आणि एकीचाही कोपरा कधी उडाला नाही.

मुंबईच्या एका लेखकाचा फोन आला त्याला आता दोन वर्षं झाली. मयुरेश नाव. निवळगडाच्या वेढ्यावर मोठा सिनेमा काढतोय म्हणाला. गावात कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की वेढ्याची गोष्ट ऐकायची तर गणपतकडून, पण तो बहारीनला असतो. गणपतची छाती फुगली. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या सावलीला बसून त्यानं गोष्ट लावली. पहिल्या फोनला नुसता गड सांगितला: कारवीचं रान, पहाटे दरीतून वर चढणारं धुकं, दोन दरवाजे आणि त्यांच्यामधला तो अरुंद चौक, जिथं बाहेरचा दरवाजा फोडून आलेला शत्रू आतल्या दरवाजासमोर अडकतो.

“दादा, मस्त आहे, पण आपण वेढ्यावर येऊ या का?” मयुरेश म्हणाला.

“येतो की. गड चढल्याबिगर वेढा कसा दिसंल?”

दुसऱ्या फोनला गडावरची उपासमार. कातडं शिजवून खाल्लं ते. टाक्याचं पाणी ओंजळीनं वाटलं ते. तिसऱ्या फोनला बाहेरचा दरवाजा फुटला. शत्रू चौकात घुसला. बुरुजावर तोफ होती, तिचं तोंड बाहेर दरीकडं. तोफेपाशी दाऊद गोलंदाज, हुसेनच्या घराण्याचा मूळ पुरुष. गणपतचा आवाज खाली आला, तसा तो नेहमीच ह्या जागी यायचा.

“…आणि मग गोलंदाजानं तोफ आत फिरवली.”

एवढं बोलून तो थांबला. बाटली उघडली. घोट घेतला. झाकण लावलं. फोनमधून “मग?” आलं नाही. कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला, आणि नंतर मयुरेशचा ओरडा.

“काय बोललात दादा! तोफ आत फिरवली! बास, मला माझा इंटरव्हल मिळाला!”

आणि फोन बंद.

हुसेन शेजारीच बसून डबा खात होता. म्हणाला, “परत लाव की फोन. पुढचं सांग त्याला.”

“म्या कशापायी लावू? ज्याला पायजेल त्यो इचारंल.”

“आरं, त्याला ठावं नसंल.”

“निवळगडाचा वेढा लिवायला बसलाय आणि ठावं न्हाई? येईल फोन. न्हाई आला तर त्याची गोष्ट लंगडी.”

हुसेन हसला. “तुजा ताठा एक दिस कुणाचा तरी घात करंल, गणपा.”

हे त्यानं थट्टेत म्हटलं होतं.

फोन आला नाही. सिनेमा मात्र आला. आदल्या आठवड्यापासून सगळ्यांच्या फोनवर त्याची झलक फिरत होती. गणपतनं शुक्रवारच्या दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली, दोन शर्टांना इस्त्री केली, एक आपल्याला, एक हुसेनला, आणि दोघं बसनं मनामातल्या मॉलमध्ये गेले. हॉल भरलेला. बँकेतली, ऑफिसातली मराठी माणसं सहकुटुंब, भगवे फेटे बांधून. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं उमटली: ‘विशेष आभार: गणपत कोळेकर, निवळवाडी’. हुसेननं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या तीन रांगा वळल्या. “ह्यो, ह्यो, ह्योच गणपत कोळेकर!” तो गणपतच्या पाठीत बुक्की मारत लोकांना सांगत होता. गणपतला वाटलं, आयुष्याचं सार्थक म्हणतात ते हेच.

मग सिनेमा सुरू झाला.

गणपतनं फोनवर सांगितलेलं धुकं त्यात कुठं नव्हतं. कातडं शिजवणारी आई नव्हती, ओंजळीचं पाणी नव्हतं. नुसती कापाकापी. मुंडकं उडालं की ते सावकाश, गोल फिरत जाई, आणि ढोल वाजत. रक्त इतकं की दगडाचा रंग कळेना. हॉल प्रत्येक घावाला ओरडत होता. इंटरव्हलच्या जरा आधी दाऊद गोलंदाज आला. डोळ्यांत सुरमा, हातात मांसाचं हाडूक, ओठाच्या कोपऱ्यात हसू. वेढा घालणाऱ्या सरदारानं त्याच्यापुढं मोहरांची थैली टाकली. त्यानं ती उचलून जोखली. आणि गणपतचंच वाक्य, जसंच्या तसं, एका खर्जातल्या आवाजानं हॉलभर घुमवलं:

“आणि मग गोलंदाजानं तोफ आत फिरवली!”

तोफ उडाली. आतला दरवाजा, त्याच्यामागं उभ्या बायका, पोरं, सगळं धुरात गेलं.

हॉल उभा राहिला. “गद्दार! गद्दार!” मागच्या रांगेतून एकानं दाऊदच्या धर्मावरून शब्द टाकला. तो लिहायच्या लायकीचा नाही. त्याला हशा आला, टाळ्या आल्या.

हुसेन रांगेच्या मधोमध बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, पालथे. तो उठला नाही. उठला असता तर वीस माणसांना पाय आवरायला लावावे लागले असते, आणि वीस माणसांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं. सिनेमाच्या शेवटी दाऊदचं डोकं उडवतात. तेही त्यानं बघितलं. गणपतनं अंधारात त्याच्या मनगटाला हात लावला, तर मनगट थंड, साच्यातल्या सिमेंटसारखं.

बसथांब्यावर गणपतनं त्याची बाही धरली. 

“हुसेन… आरं, म्या असं सांगितलं न्हवतं.”

हुसेन रस्त्याकडं बघत होता. “बस आ गई,” तो म्हणाला.

हिंदीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली भिंत हुकाला लागली. गणपत वॉकीटॉकीत म्हणाला, “आत फिरव.” क्रेन हलली नाही. सात टनांची भिंत हवेत, बेल्ट करकरताहेत, खाली सहा माणसं. मग वरून आवाज आला.

“राइट या लेफ्ट?”

गणपत वर केबिनकडं बघत म्हणाला, “हुसेन, आत…”

“राइट या लेफ्ट, बोलो. हिंदी में बोलो.”

“…राइट,” गणपत म्हणाला.

त्या दिवसापासून दहा मिनिटांच्या मोकळ्या वेळात वॉकीटॉकी नुसती खरखरायची. आणि बाकीच्यांना चेव आला. सिनेमा कामगारांच्या कॅम्पातल्या सगळ्यांनी बघितला होता. जेवणाच्या टेबलाशी हुसेन आला की कोणीतरी गोळा चुकवल्यासारखं डोकं खाली घालून ओरडायचं, “ए गोलंदाज, तोप इधर मत घुमाना!” सोलापूरचा वेल्डर बाळाजी, एरवी साधा माणूस, तोही म्हणाला, “हुसेनभाई, थैली कुठं ठेवलीय? बेडखाली?” गणपतनं त्याची कॉलर धरली. बाळाजी गांगरला. “अरे, मस्करी केली. आणि माझी कॉलर काय धरतोस? पडद्यावर नाव तुझं आहे, माझं नाही.”

गणपतची पकड सुटली. खरंच होतं ते.

त्यानं मयुरेशला फोन लावला. दिवसभरात नऊ वेळा. दहाव्याला उचलला.

“दादा! कसा वाटला? तुमचं नाव बघितलंत ना?”

“त्या गोलंदाजाला तू गद्दार का केलास?”

“म्हणजे? तुम्हीच तर सांगितलंत. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. ‘गोलंदाजानं तोफ आत फिरवली.’ आत म्हणजे स्वतःच्याच माणसांवर, नाही का?”

“आत म्हंजी चौकात! शत्रू आत आला हुता, सांगितलं न्हवतं का तुला?”

“मग पुढचं का नाही बोललात?”

“तू इचारलं न्हाईस!”

 मग मयुरेश समजुतीच्या सुरात म्हणाला, “बघा दादा, सिनेमात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. सुरुवातीला पाटी आहे ना, काही प्रसंग काल्पनिक म्हणून. आणि लोकांना आवडतोय तो सीन. खरं सांगू? सिनेमा त्या सीनवरच चाललाय.”

गणपतनं फोन बंद केला आणि सिमेंटच्या साच्यावर मूठ हाणली. बोटं सोलली. त्याला मयुरेशचा राग आला होता, त्या शिट्ट्या मारणाऱ्या हॉलचा आला होता, पण सगळ्यात खाली, तळाशी, जो राग उकळत होता तो त्या पाण्याच्या बाटलीवर होता. ते झाकण. ते सावकाश लावलेलं झाकण.

गुरुवारी दसरा होता. निवळवाडीत दसऱ्याला एक रीत आहे. सोनं लुटायला निघाल्यावर पहिलं पान गोलंदाजाच्या दगडावर ठेवायचं. दगड गडाच्या वाटेला आहे, त्याला शेंदूर नाही, चादर नाही, नुसता दगड. मग सगळा गाव गोलंदाजाच्या घरी जातो, आणि हुसेनची आई, हमीदा चाची, उंबऱ्यात उभी राहून प्रत्येकाच्या हातावर शिरणी ठेवते. तिथून पुढं देवळात. किती पिढ्यांची रीत, कोणी मोजलेलं नाही.

संध्याकाळी गणपतच्या बायकोचा, मथुराचा फोन आला.

“औंदा दगडाकडं कुणी गेलं न्हाई,” ती म्हणाली. “खालच्या गावची पोरं आली हुती मोटारसायकलींवर. गद्दाराच्या दगडावर सोनं ठिवाल तर बगा म्हणाली. सरपंच गप. सगळं गाव थेट देवळात.”

“आणि चाची?”

“उंबऱ्यात हुबी हुती. परातीवर फडकं झाकून. दिवस बुडस्तवर हुबी हुती.”

गणपतनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“म्या गेले दगडाकडं,” मथुरा म्हणाली. “एकलीच. पान ठिवलं, चाचीकडं गेले, शिरणी खाल्ली. कोण अडिवतंय बगू म्हटलं. पण अहो, चाचीनं मला एकच इचारलं. गणपतनं असं का सांगितलं गं, म्हणाली. म्या काय सांगू तिला?”

फोन ठेवून गणपत खोलीत गेला. खोली एकच, खालची कॉट त्याची, वरची हुसेनची. हुसेन भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यालाही घरून फोन आला होता, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

“हुसेन, उद्या उम्म अल हस्समला मराठी मंडळाचा कार्यक्रम हाय. माजा सत्कार करत्यात. तितं म्या सगळं सांगणार. तू ये.”

पाठ हलली नाही. “म्या येणार न्हाई.” निदान मराठीत. “तुजी चूक झाली असं म्या म्हणत न्हाई गणपा. तू खोटं काय बोलला न्हाईस. तू थांबलास. तुला थांबायची हौस. पन तू थांबलास ते माज्या बापजाद्यावर पाय ठिवून थांबलास.”

मग भिंतीकडंच तोंड ठेवून तो म्हणाला, “म्या फोरमनला सांगितलंय. शनवारपास्नं माज्या क्रेनला दुसरा माणूस दे म्हणून.”

मंडळाचा हॉल गार होता, फुलांच्या वासाचा. अध्यक्ष दत्तप्रसाद, इंजिनिअर माणूस, तोंडानं गोड. त्यानं गणपतला हाताला धरून पुढच्या रांगेत नेलं. “या या, गणपतराव! आपल्या बहारीनचा अभिमान!” सूत्रसंचालन चारुलताकडं होतं, एका बँकेत काम करणारी पुण्याची बाई. आधी पडद्यावर सिनेमातले तुकडे दाखवले. तोफेचाही दाखवला. हॉलनं इथंही “गद्दार” म्हणून हाळी दिली, पण सभ्यपणे, हसत हसत, नाटकात साद घालतात तशी. गणपतचे कान तापले.

त्याच्या खांद्यावर शाल पडली. हातात नारळ आला. चारुलतानं माइक पुढं केला. “तीन मिनिटं हं, गणपतराव. मग जेवण आहे.”

गणपतनं शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. नारळ तिच्यावर ठेवला.

“निवळगडाला दोन दरवाजं हायती,” त्यानं सुरुवात केली.

आवाज असा लागला की मागं ताटं मांडणारेसुद्धा थांबले. गड चढवायला आज वेळ नव्हता. त्यानं थेट चौक उभा केला. बाहेरचा दरवाजा फुटलेला. शत्रू आत. आतल्या दरवाजामागं बायकापोरं, मागच्या कड्यावरून एकेक करून दोरानं उतरताहेत, त्यांना अजून घटकाभर पाहिजे. बुरुजावर दाऊद.

“आणि मग गोलंदाजानं तोफ आत फिरवली.”

सवयीनं तो थांबला. हात बाटलीसाठी कमरेकडं गेला. आणि त्या शांततेत हॉलच्या मधून कोणीतरी मजेत ओरडलं, “गद्दार!” लोक हसले. टाळ्या पडल्या.

गणपत पांढरा पडला. मग लाल झाला.

“इचारा!” तो गरजला. “मग काय झालं, ते इचारा की! सिनेमा बगून शिट्ट्या मारता, फेटं बांधता, पन एकाच्या तरी तोंडातनं आलं का, मग काय झालं म्हणून? त्या ल्येकानं इचारलं न्हाई, तुमी इचारत न्हाई!”

कोणीही विचारलं नाही. शेदोनशे माणसं, एकाचाही हुंकार नाही. दत्तप्रसाद उठला. “गणपतराव, वेळ झाली…”

“बसा खाली!” गणपत म्हणाला. आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. हुंकाराशिवाय गोष्ट पुढं नेली.

“चौकात शत्रू हुता, पन तेवढाच न्हवता. आपलीबी चौदा माणसं तितं झुंजत हुती. त्यात दाऊदचा थोरला ल्योक हुता, कासम. बापानं वरनं हाक मारली, कासम, बाजूला हो. पोरानं वर बगितलं. पन त्यो हालला न्हाई. हालला असता तर शत्रू आतल्या दरवाजाला भिडला असता. बापल्येकांनी एकमेकांकडं बगितलं. आणि बापानं बत्ती दिली.”

दत्तप्रसादनं हात केला, तसा कोणीतरी माइक बंद केला. गणपतला माइक लागत नव्हता.

“पुरावा काय?” मागून एकजण म्हणाला.

“पुरावा? गड चढा! आतल्या दरवाजावर एक चरा न्हाई. गोळा लागलाय बाहेरच्या दरवाजाला, आणि त्योबी आतल्या अंगानं. दगुड फुटलाय, हात घालून बगा. शत्रूला जिथनं शिरला तितंच गाडला त्यानं, सोताच्या पोरासकट. घटकाभर मिळाली. तेवढ्यात जी बायकापोरं उतारली त्यांचं वंशज आमी, सगळी निवळवाडी. म्हणून पयलं सोनं त्याच्या दगडावर. त्या घरात पुन्हा कासम नाव कुणी ठिवलं न्हाई. काल त्या घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी दिवस बुडस्तवर शिरणी घेऊन हुबी हुती. तुमच्या शिट्ट्या तितवर गेल्या, कळलं का? आणि शिट्टी मारणाऱ्यांच्या आदी माजं नाव गेलं. म्या थांबलो. हुंकार पायजे म्हणून थांबलो. थू माज्यावर.”

तो खाली उतरला. काहीजण मान घालून बसले होते. एक बाई पदरानं डोळे पुसत होती. पण बरीचशी माणसं जेवणाच्या टेबलाकडं सरकली होती, आणि जाता जाता एकजण दुसऱ्याला म्हणत होता, “ऐकायला छान आहे, पण सिनेमावाल्यांनी काही रिसर्च केलाच असेल ना.” गणपतला वाटलं, त्या माणसाचा गळा धरावा. त्यानं धरला नाही. शाल तिथंच राहिली.

शनिवारी सकाळी तो कारखान्यात गेला तेव्हा चारुलतानं फोनवर टिपलेलं त्याचं बोलणं कॅम्पात पोचलं होतं. बाळाजी समोर आला, डोळे खाली. “चुकलंच माझं,” एवढंच म्हणाला. फोरमननं यादी वाचली: हुसेनच्या क्रेनला बाळाजी, गणपत पलीकडच्या शेडमध्ये, सळया बांधायला.

हुसेन क्रेनच्या शिडीपाशी हातमोजे चढवत होता. गणपत जवळ गेला.

“बगितलंस?”

“बगितलं.”

“सगळं सांगितलं म्या. काय ठिवलं न्हाई.”

“चांगलं सांगितलंस.” हुसेननं मोजा ओढून बसवला. “तुज्यावानी कोण सांगत न्हाई. पन गणपा, तुला किती लोकांनी ऐकलं, आणि सिनेमा किती लोकांनी बगितला? ह्याचा हिसाब कर कवातरी.”

 हुसेनच्या आवाजात राग होता, आणि तो राग खोटा नव्हता, आणि त्याच्यावर गणपतचा कसलाही हक्क चालत नव्हता. हुसेन शिडी चढून वर गेला. केबिनचं दार लागलं.

गणपतनं कमरेची वॉकीटॉकी सोडली आणि बाळाजीच्या हातात दिली. “वरच्याला पलीकडचं दिसत न्हाई,” तो म्हणाला. “बोलताना मधीच थांबू नगंस. जे हाय ते शेवटपतुर बोल.”

“लेफ्ट-राइट म्हणू की तुमचं ते आत-बाहेर?”

“त्योच सांगंल.”

आणि तो निघाला. ओतलेल्या भिंतींच्या रांगांमधून, पांढऱ्या धुळीतून, हेल्मेट हातात घेऊन. भिंतींना खिडक्यांच्या चौकटी पडलेल्या असतात. एका चौकटीतून तो दिसे, मग लपे, मग पुढच्या चौकटीतून दिसे. वरून हुसेन बघत होता. क्रेन सावकाश आत फिरत होती, शेडकडं, गणपत जाईल तशी. हुकाला काहीच लावलेलं नव्हतं.

बाळाजीच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली.

“मग?” हुसेनचा आवाज आला.

बाळाजीनं वर बघितलं, मग लांब गेलेल्या पाठीकडं बघितलं. गणपत शेवटच्या भिंतीपलीकडं वळला होता.

“मग?” वॉकीटॉकी पुन्हा म्हणाली.